शेवटचा शब्द ऐकायचा राहिला: केम्निट्समधलं एक प्रकरण

२०२४च्या मे महिन्यातली एक सकाळ. जर्मनीतल्या केम्निट्स शहरातलं एक वर्कशॉप. सोलापूर जिल्ह्यातून गेलेला चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी ड्रिल मशीनपाशी उभा आहे. जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, व्हाइसच्या शिकंज्यात घट्ट बसवलाय, मशीन सुरू केलंय आणि पत्र्याची धार लागू नये म्हणून हातात कापडी मोजे चढवलेत. ज्यांनी आयटीआय केलंय त्यांच्या अंगावर इथेच काटा येईल. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नसतात. एक धागा बिटमध्ये अडकला की मोजा जातो आणि मोज्याबरोबर बोटं जातात. त्यालाही हे कधीतरी शिकवलं होतं, पण कॉलेजात ड्रिलला हात लावायची पाळी वर्षातून एखाद-दोनदा यायची. बाकी वेळ जर्नल उतरवण्यात जायचा.

दोन टेबलं सोडून उभा असलेला तंत्रज्ञ ओरडला, "हांटशूए आउस!"

मुलाने वर पाहिलं, मान डोलावली आणि मोजे मनगटापर्यंत नीट ओढून घेतले.

तंत्रज्ञ धावत आला आणि त्याने लाल बटणावर तळहात आपटला. मशीन थांबलं. कोणाला काही झालं नाही. त्या बटणाभोवतीच्या पिवळ्या चकतीवर लिहिलं होतं: 'नोट-आउस'. नोट म्हणजे संकट, आउस म्हणजे बंद. तंत्रज्ञ ओरडला तोच 'आउस'.

हांटशूए म्हणजे हातमोजे. आपण हाताला मोजे घालतो, जर्मन माणूस हाताला बूट घालतो. या गमतीमुळे तो शब्द त्याला क्लासमध्ये पहिल्याच फटक्यात पाठ झाला होता. अंगावर काही चढवणं म्हणजे 'आनत्सीएन', उतरवणं म्हणजे 'आउसत्सीएन'. पण वाक्यात हे क्रियापद फुटतं. 'त्सीएन' पुढे येतं आणि 'आन' किंवा 'आउस' पार शेवटी जाऊन बसतं. घालायचे की काढायचे, ते वाक्य संपताना कळतं. सकाळी सुरक्षेच्या सूचना देताना तंत्रज्ञाने हे पूर्ण वाक्य सांगितलं होतं. याने 'हांटशूए'पर्यंत ऐकलं, ओळखीचा शब्द आला म्हणून खूश झाला, मान डोलावली. पुढचं ऐकलंच नाही. त्याच सूचनांचं इंग्रजी पत्रकही हातात दिलेलं होतं. ते घडी करून बॅगेत गेलं. सूचना समजल्याच्या कागदावर सही मात्र त्याचीच होती.

हे सगळं मी लिहितेय, कारण या प्रकरणात माझाही हात आहे. मी पुण्यात जर्मन शिकवते. या मुलाची ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची, तयारी मीच करून घेतली. पासाला शंभरपैकी साठ लागतात, त्याला ऐंशीच्या वर पडले. आईने पेढे पाठवले. त्याच्या परवानगीने लिहितेय, नाव देत नाही.

मान डोलवायची विद्या

दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात. बारावीला शास्त्र शाखा, म्हणजे पुस्तकं इंग्रजी आणि शिकवणं मराठी. मग पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग. तिथलं पहिलं सेमिस्टर त्याने कसं काढलं हे मला ड्रिलच्या प्रकारानंतर कळलं. "मॅडम, मी नुसती मान हलवून काढलं ते. सरांनी 'अंडरस्टूड?' विचारलं की सगळे हो म्हणायचे, मीपण म्हणायचो. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि परीक्षेच्या आधी हॉस्टेलवर सीनिअरकडून मराठीत समजून घ्यायचं." चार वर्षांनी तो फर्स्ट क्लासमध्ये सुटला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण त्याच्या घरच्यांनी आणि सुरुवातीला मीही हे 'बुजरेपणा'त जमा केलं होतं. मान डोलावणं ही त्याची खोड नव्हती. ते त्याचं यशस्वी झालेलं तंत्र होतं. एक भाषेची भिंत त्याने आधी ओलांडलेली होती, आणि ती अशीच ओलांडली होती: आत्ता कळलं नाही तरी हो म्हण, नंतर आपल्या माणसाकडून समजून घे. तीच किल्ली घेऊन तो जर्मनीत गेला.

पुण्यात ती चालली, कारण इंग्रजी फक्त वर्गापुरती होती. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की खाली मराठी पसरलेली. ऑफिसातला क्लार्क मराठी, मेसवाल्या मावशी मराठी, खुद्द 'अंडरस्टूड?' विचारणारे सर कॉरिडॉरमध्ये मराठी. केम्निट्समध्ये उलटं होतं. त्याचा एम.एस.सी.चा अभ्यासक्रम इंग्रजीत होता आणि वर्गात त्याला फारसं अडत नव्हतं. अडायचं ते वर्गाच्या दाराबाहेर, आणि दाराबाहेर सगळीकडे जर्मन.

'जर्मन आलं नाही तरी चालतं, कोर्स इंग्रजीत आहे' हे वाक्य पुण्यातल्या सल्लागारांच्या तोंडी रोज असतं. ते खोटं नाही, पण ते फक्त वर्गाच्या चार भिंतींपुरतं खरं आहे. तिकडे जाण्याचं गणित मुख्यतः पैशांचं असतं. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्गसारखं राज्य २०१७पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं, बाकी बहुतेक ठिकाणी किरकोळ वर्गणी. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) भरून दाखवावी लागते. २०२३मध्ये ती ११,२०८ युरो होती, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. याच्या वडिलांनी त्यासाठी सोसायटीचं आणि पाहुण्यांचं असं दोन्हीकडचं कर्ज काढलं होतं. तर हा हिशेब मांडताना भाषेचा रकाना कोणी भरतच नाही.

शहराबद्दलही थोडं सांगायला हवं. केम्निट्स सॅक्सनी राज्यात, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीत येतं. १९५३ ते १९९० या काळात त्याचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. गावाच्या मधोमध मार्क्सचं सात मीटर उंचीचं ब्राँझचं डोकं आजही आहे. नुसतं डोकं, धड नाही. त्याच्या मागच्या भिंतीवर 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' हे जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन अशा चार भाषांत कोरलंय. पूर्व जर्मनीत शाळेत पाचवीपासून रशियन सक्तीची होती आणि इंग्रजी त्यानंतर, तीही सगळ्यांना नाही. त्यामुळे आज पन्नाशी ओलांडलेला तंत्रज्ञ, दवाखान्यातल्या बाई, घराची देखभाल करणारा माणूस हे इंग्रजी बोलत नाहीत ते अडेलपणाने नव्हे. त्यांना ती नीट शिकवलीच गेली नाही. आपल्याकडचा मुलगा मात्र 'युरोपात सगळ्यांना इंग्रजी येतं' असं धरून उतरतो.

आठ महिने

ऑक्टोबर २०२३मध्ये तो पोहोचला आणि लातूरकडच्या एका सीनिअरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. तिघांचा फ्लॅट, तिघेही आपले. या सीनिअरला तो दादा म्हणतो, मीही तेच म्हणते. दादाची जर्मन चांगली आहे. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. तिथे दादा. बँकेत दादा. इन्शुरन्सच्या फोनवर दादा. "दे रे फोन इकडे," हे वाक्य त्या घरात दिवसाला चारदा ऐकू यायचं. दादाला वेळ नव्हता असं नाही आणि त्याने कधी उपकार दाखवले नाहीत. वहिनी भारतातून आल्यावर त्यांनी तर याला रविवारी पिठलं-भाकरीला बसवलं. पण आठ महिन्यांत या मुलाने स्वतः जर्मनमध्ये किती वाक्यं बोलली याची आम्ही नंतर मोजदाद केली. बेकरीतली आणि तिकीट तपासनिसाशी झालेली धरून वीसच्या वर जाईनात.

पत्रांचा किस्सा त्यातलाच. जर्मनीत दर घरामागे रेडिओ-टीव्हीची एक वर्गणी असते, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. घरात टीव्ही असो की नसो. पत्त्याची नोंद झाली की त्या खात्याचं पत्र आपोआप येतं. याने मोबाइलच्या ॲपने त्याचा फोटो काढून भाषांतर केलं. ॲपने इंग्रजीत जो शब्द दिला तो 'काँट्रिब्यूशन'. याने मनात त्याचं मराठी केलं: देणगी. घरात टीव्ही नाही, देणगी कशाला द्यायची? पत्र ड्रॉवरमध्ये. दुसरं आलं, तेही ड्रॉवरमध्ये. मग तीन महिन्यांचं ५५ युरो ८ सेंटचं बिल आलं, आणि पुढे त्यावर उशिराचा दंड.

यातली खरी चुटपुट पुढे आहे. वर्गणी माणशी नसते, घरटी असते, आणि त्या घराची वर्गणी दादा आधीपासून भरत होता. पहिल्याच पत्राला 'या घरासाठी अमुक क्रमांकावर पैसे जातात' एवढं उत्तर दिलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दादाला विचारायचीही लाज वाटू लागली होती. दहावेळा विचारून झालं की अकराव्या वेळेला माणूस पत्र लपवतो. भाषांतराच्या ॲपला मी नावं ठेवत नाही, मीही वापरते. पण सरकारी पत्रात शब्दाचा अर्थ कळून भागत नाही. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचंय ते शोधावं लागतं. मी आता मुलांना पत्र हातात आलं की आधी तीन गोष्टींवर पेन्सिलने गोल करायला लावते: संदर्भ क्रमांक, 'बिस' (म्हणजे पर्यंत) या शब्दापुढची तारीख आणि रक्कम. भाषांतर त्यानंतर.

आणि मग दवाखाना.

जानेवारीत कान दुखायला लागला. दादा लेक्चरला गेलेला. याने धीर करून पहिल्यांदा स्वतः फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलेलं नाव, जन्मतारीख इथपर्यंत जमलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मॉर्गन, ड्रायफीयर्टल नॉइन." मॉर्गन म्हणजे उद्या. ड्राय तीन, फीयर्टल पाव, नॉइन नऊ. याने मनात इंग्रजीत मांडणी केली: थ्री क्वार्टर, नाइन. पावणेदहा. दुसऱ्या दिवशी बर्फातून चालत नऊ चाळीसला हजर. काउंटरवरच्या बाई घड्याळाकडे बघून काहीतरी बोलल्या, बऱ्यापैकी लांब. याने मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसला. बारापर्यंत बसला. बारा वाजता त्या दिवे मालवू लागल्या तेव्हा याला तिथे पाहून दचकल्या. वेळ पावणेनऊची होती. ती हुकली, उद्या आठला या, एवढंच त्या सकाळी म्हणाल्या होत्या.

त्याने मला हा व्हॉइस मेसेज पाठवला तेव्हा मी आधी हसले. मग मेसेज पुन्हा ऐकला आणि गप्प झाले. सॅक्सनीत आणि दक्षिणेच्या काही भागांत वेळ अशीच सांगतात. ड्रायफीयर्टल म्हणजे तीन पाव, म्हणजेच पाऊण. नववा तास पाऊण भरला: पावणेनऊ. मराठी माणसाला हे समजावून सांगायलाही नको. हे कळायला अडचण इंग्रजीतून जाणाऱ्याला होते. आणि त्याला इंग्रजीतून जायला मीच शिकवलं होतं.

"वास?"

आता पुन्हा वर्कशॉपमध्ये. मशीन थांबल्यावर तंत्रज्ञाने याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सावकाश विचारलं की सकाळी सांगितलेलं समजलं होतं का. मुलाने मान डोलावली. तंत्रज्ञाने एकच शब्द विचारला, "वास?" म्हणजे काय? काय समजलं?

यावर डोलवायला मान नव्हती. मुलगा सांगतो की त्या अर्ध्या मिनिटात त्याला पुण्यातल्या वर्गातला शेवटचा बाक आठवला. 'अंडरस्टूड?'नंतर 'काय?' असं त्याला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तंत्रज्ञाने खिशातल्या पेन्सिलीने एका पुठ्ठ्यावर वाक्य लिहिलं, "इश हाबे दास निश्त फेरश्टांडेन". मला हे समजलं नाही. आणि ते मोठ्याने तीनदा म्हणवून घेतलं. तो पुठ्ठा अजून त्याच्या टेबलावर आहे, ग्रीसच्या बोटांसकट.

हे वाक्य मी त्याला शिकवलं नव्हतं का? पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, फळ्यावर लिहून. पण क्लासमध्ये कोणी ते कधी म्हणत नाही, कारण माझ्या क्लासमध्ये न समजण्याची वेळच येत नाही. मी हळू बोलते, आधी इंग्रजीत सांगते, अडलं की मराठीत. परीक्षेच्या संवादात वेटर स्पष्ट बोलतो आणि कोणी सॅक्सन उच्चारात बोलत नाही. सॅक्सन बोलीत क आणि ट मऊ होऊन ग आणि ड होतात, कॉफीसुद्धा 'गाफे' होते.

त्यानंतरच्या आठवड्यांत त्याने एक सवय लावून घेतली, माझ्या सांगण्यावरून नाही, तंत्रज्ञाच्या. कोणी काही सांगितलं की मान स्थिर ठेवायची आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. "म्हणजे मी आधी प्लग काढायचा?" व्याकरण चुकलं तरी चालेल. चूक असेल तर समोरचा तिथेच दुरुस्त करतो. यात पहिल्या दिवशी एक घोटाळा झालाच. याने विचारलं, "स्क्रू सैल करू?" तंत्रज्ञ म्हणाला, "नू." याने स्क्रू आवळला. परत विचारलं, परत "नू." परत आवळला. तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. सॅक्सनीत 'नू' म्हणजे हो. मुलाला तो 'नो' ऐकू येत होता. हा शब्द माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

अडीच आणि हाल्प ड्राय

जूनपासून आम्ही दर रविवारी अर्धा तास फोनवर बसायला लागलो. मी एकच नियम केला: इंग्रजी नाही. जर्मन अडलं तर थेट मराठी.

घड्याळापासून सुरुवात केली. जर्मनमध्ये अडीचला 'हाल्प ड्राय' म्हणतात, अर्धा तीन. इंग्रजीतून येणारा ते हमखास साडेतीन ऐकतो. पण अडीच हा आपला शब्दच मुळात संस्कृत 'अर्धतृतीय'पासून आलाय: तिसरा अर्धा. हाल्प ड्राय, शब्दाला शब्द. दीडचंही तसंच. दीड म्हणजे दुसरा अर्धा, आणि जर्मन 'आंडर्टहाल्प' म्हणजेही दुसरा अर्धा. साडेतीनला मात्र आपण वाट सोडतो, ते 'हाल्प फीयर' म्हणत राहतात. पण तोवर पोराला चाल कळली होती.

मग आकडे. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणजे 'सात आणि चाळीस', एकक आधी. फोन नंबर लिहून घेताना तो हमखास ७४ लिहायचा, कारण कानावर सात आधी पडायचे. मी म्हटलं, "अरे, सत्तेचाळीसमध्ये आधी काय ऐकतोस?" पलीकडे शांतता. "सात." "मग ७४ लिहितोस का?" त्या दिवसानंतर त्याचे आकडे चुकले नाहीत असं नाही, पण निम्म्यावर आले.

तू आणि तुम्ही हेही तसंच. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी'. इंग्रजीच्या 'यू'मधून गेलं की सगळे एकाच मापात. तो तंत्रज्ञालाही 'डू'च म्हणत होता, म्हणजे पंचावन्न वर्षांच्या माणसाला अरेतुरे. तंत्रज्ञाने कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे बापाच्या वयाच्या फिटरला तू अरे म्हणशील का, एवढंच विचारलं. तो चरकलाच.

सगळं जुळत नाही, हेही सांगते. आपल्याकडे तो, ती, ते तीन लिंगं आहेत आणि त्यांच्याकडेही डेअर, डी, दास. एवढ्यावरून मुलं हुरळतात. पण आपला सूर्य पुरुष आणि त्यांचा स्त्री. लिंगं पाठच करावी लागतात, तिथे आईची भाषा कामाला येत नाही.

सायकलीचं दुकान

बोलायला जागा हवी होती. तीन ठिकाणी डोकं आपटून झालं. विद्यापीठाच्या भाषा-जोडीदार योजनेत एक जर्मन मुलगी मिळाली, तिला इंग्रजी सुधारायचं होतं. दहाव्या मिनिटाला दोघंही इंग्रजीवर घसरायची. पार्सलच्या गोदामात रात्रपाळी केली. तासाला कायद्याने १२ युरो ४१ सेंट मिळत, पण पट्ट्यावर सिरियाचे, युक्रेनचे, आपले असे सगळे परकेच. तिथे तो एकच शब्द शिकला, 'श्नेलर', लवकर. संध्याकाळचा बी-वनचा, म्हणजे तिसऱ्या पायरीचा, वर्ग होता, तो चांगला होता, पण वर्गच होता.

जमलं ते सायकल दुरुस्तीत. विद्यार्थ्यांनीच चालवलेली एक जागा, जिथे लोक आपली सायकल आणून स्वतः दुरुस्त करतात आणि आठवड्यातून एक संध्याकाळ जाणकार मदतीला असतात. याच्या चुलत्याचं गावाकडे गॅरेज आहे. पाना हातात घेऊन वाढलेला मुलगा. पहिल्या दिवशी तो पंक्चर काढत होता, तोंडातून शब्द नाही. शेजारच्या मुलीने ट्यूब पाण्यात धरली आणि म्हणाली, "दा!" बुडबुडा आला होता. दा म्हणजे तिथे.

मला वाटतं, इथे तीन गोष्टी एकदम घडल्या. ज्याच्याबद्दल बोलायचं ते समोर हातात होतं. वाक्यं चाळीस-पन्नासच्या पुढे नव्हती आणि तीच दर आठवड्याला परत यायची: चेन उतरलीय, ब्रेक घासतोय, हा पाना नाही तो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गरज समोरच्याची होती. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत हा गरजू असायचा आणि रांग मागे असायची. इथे समोरच्याला सायकलवर घरी जायचं होतं, म्हणून तो याचं तुटकं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचा. जर्मन माणूस धीराचा नसतो असं म्हणणाऱ्यांनी त्याला सायकल मोडलेली असताना भेटावं.

'आपल्या लोकांपासून लांब राहा, म्हणजे भाषा येईल' हा सल्ला मला कधीच पटला नाही आणि या प्रकरणानंतर तर मुळीच नाही. दादा नसता तर हा पहिल्या महिन्यात परत आला असता. बदल केला तो एवढाच की दादाने फोन हातात घेणं बंद केलं. तो शेजारी बसतो, फोन स्पीकरवर, आणि बोलायचं याने. अगदीच अडलं तर दादा कागदावर एक शब्द लिहून पुढे सरकवतो. पहिल्या फोनला सात शब्द लागले. वर्गणीच्या खात्याला पत्र याने स्वतः लिहिलं, दादाचा क्रमांक घालून. घराची वर्गणी भरली जातेय हे मान्य झालं.

आज

२०२५च्या उन्हाळ्यात त्याने बी-वन दिली. वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं हे चार भाग तिथे वेगवेगळे धरतात, प्रत्येकाला शंभरपैकी साठ हवेत. बोलण्यात तो छान निघाला, ऐकण्यात आणि वाचण्यात पास. लिहिण्यात नापास. सायकलीच्या दुकानात कोणी अर्ज लिहीत नाही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तेवढा एक भाग परत देता येतो, त्याची तयारी चालू आहे. प्रबंध इंग्रजीतच लिहितोय. नोकरीसाठी अर्ज केलेल्या तीन कंपन्यांनी त्याच्या वरची पायरी, बी-टू, मागितली आणि विषय संपवला. वडिलांचं कर्ज फिटलेलं नाही. त्यामुळे मी हे प्रकरण यशस्वी म्हणून सांगत नाहीये.

माझ्या क्लासमध्ये दोन बदल झालेत. घड्याळ आता इंग्रजीतून शिकवत नाही. आणि दर तासाला दहा मिनिटं मी मुद्दाम भराभर, अर्धवट, तोंडात सुपारी धरल्यासारखं जर्मन बोलते. जो मान डोलावेल त्याला विचारते, "वास?" सुरुवातीला मुलं रागावतात. एका आईने फोन करून तक्रारही केली.

परवा त्याचा फोन आला. दाढ दुखतेय म्हणून दंतवैद्याची वेळ घेतली होती, घरात कोणी नसताना. त्याने ते बोलणं मला जसंच्या तसं ऐकवलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "डोनर्सटाग, फीयर्टल ड्राय." गुरुवार, पाव तीन. याने मान हलवली नाही. तोंडातल्या तोंडात मराठीत म्हणाला, तिसरा तास पाव झाला, सव्वादोन. मग मोठ्याने जर्मनमध्ये, "म्हणजे गुरुवारी चौदा वाजून पंधरा मिनिटं?"

पलीकडून उत्तर आलं, "नू."